होम्स काउंटी, ओहायो: घरची भाषा आणि इंग्रजीचे आकडे

प्रश्न: या आमिशबहुल (साधं, परंपरेनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची वस्ती असलेल्या) ग्रामीण काउंटीत (जिल्ह्यासारखा भाग) घरी इंग्रजीखेरीज काय बोलतात, इंग्रजी कितपत येतं, हे हवंय. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या (अमेरिकेच्या जनगणना विभागाची दरवर्षीची नमुना पाहणी) एक वर्षाच्या मुख्य तक्त्यांत काउंटीच दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया डचची (आमिश लोकांची जर्मनमधून आलेली घरची बोली) ओळही नाही.

उत्तर १: ते तक्ते ६५,००० आणि त्याहून जास्त लोकवस्तीसाठीच असतात. पाच वर्षांचे अंदाज घ्या, तक्ता सी१६००१. त्यात इंग्रजीखेरीज भाषांचे १२ गट आहेत. पेनसिल्व्हेनिया डच 'जर्मन व इतर पश्चिम जर्मॅनिक' गटात जाते. (आपली मराठी 'इतर इंडो-युरोपीय'मध्ये. तिचाही स्वतंत्र आकडा इथे मिळणार नाही.)

उत्तर २: टक्केवारी काढायला भागताना एकूण लोकसंख्या धरू नका. भाषेचे प्रश्न ५ वर्षं व त्यावरच्यांबद्दलच विचारतात, आणि आमिश घरांत लहान मुलं पुष्कळ, त्यामुळे एकूण लोकसंख्येने भागलं तर टक्का बराच खाली येतो. इंग्रजी कितपत येतं याच्या उत्तरांत 'खूप चांगलं' सोडून उरलेली तिन्ही उत्तरं ('चांगलं', 'फारसं नाही', 'अजिबात नाही') मर्यादित इंग्रजीत मोजतात. म्हणजे 'चांगलं' म्हणणाराही त्यातच! शिवाय हे घरच्यांनी स्वतः सांगितलेलं असतं, परीक्षा कुणी घेत नाही.

उत्तर ३: तक्त्यात प्रत्येक अंदाजाशेजारी दिलेली त्रुटी-मर्यादा (अंदाज किती वर-खाली असू शकतो तो आकडा) ९० टक्के विश्वासपातळीची असते, तिला १.६४५ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. दोन रकाने मिळवले तर त्यांच्या मर्यादांची सरळ बेरीज नको, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या. काही वर्षं सामाईक असलेले पाच-वर्षीय संच मात्र शेजारी ठेवून वाढ-घट काढू नका.