लेकीच्या हॉस्टेलची यादी

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-३०२: नमस्कार मंडळी. आमच्या लेकीला कॉलेजच्या हॉस्टेलवर खोली मिळाली, दोघींत एक. पुढच्या आठवड्यात सोडायला जायचंय. यादी करायला बसले तर संपता संपेना, आणि हे म्हणतायत टेम्पोच सांगू का. ज्यांची मुलं राहून आलीत त्यांनी सांगा, खरंच काय काय लागतं?

सी-४०४: काकू, मी तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या सुट्टीत घरी. आधी यादी निम्मी करा, मग बोलू.

बी-३०२: अरे पण कुठली निम्मी?

सी-४०४: खोली बघितल्याशिवाय ठरवता येत नाही ती. पडदे, सतरंजी, कपाटातले डबे, पलंगाखाली सरकवायच्या पेट्या. पलंग जमिनीपासून किती उंच आहे ते माहीत नसताना पेटी घेतली की ती खोलीच्या मधोमध मुक्काम करते. आमच्या मजल्यावर अशी एक आहे, तिच्यावर सगळे बुद्धिबळ खेळतात. मोजायची टेप मात्र न्या.

बी-३०२: टेप यादीतच नव्हती!

सी-४०४: गेल्या गेल्या गादीची लांबी-रुंदी, पलंगाखालची उंची, टेबलाची रुंदी आणि प्लगपासून उशीपर्यंतचं अंतर मोजायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं 😄 आणि सामान आत आणायच्या आधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ. भिंतीवरचे डाग, तुटकी कडी, कपाटाचं न लागणारं दार, सगळं. त्याच दिवशी वॉर्डनना मेल करून टाका. वर्षअखेरीला डिपॉझिट परत मागताना "हे आधीपासून होतं" असं नुसतं तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

ए-१०१: आमच्या वेळी एक ट्रंक आणि एक वळकटी. संपला विषय.

सी-४०४: आजोबा, तुमच्या ट्रंकेत चार्जर नव्हते ना.

ए-१०१: नव्हते. पण वळकटीचं मी गंमत म्हणून नाही सांगत. पैसे घालवायचेच असतील तर अंथरुणावर घालवा. टेबलाची शोभा नंतर.

बी-५०१ डॉक्टर: आजोबांना माझा पूर्ण पाठिंबा. १८ ते २५ या वयात रात्रीची ७ ते ९ तास झोप लागते आणि हॉस्टेलवर पहिला बळी तिचाच जातो. गादी कशी मिळेल ते आपल्या हातात नाही. म्हणून वर घालायचा पाचेक सेंटीमीटर जाडीचा फोमचा थर आणि पूर्ण गादीला बसणारी चेनची खोळ, या दोन गोष्टी घ्या. माप मात्र गादी पाहून.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गादीवर काही ठेवायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे बघायचे. बारीक काळे-तपकिरी ठिपके दिसले की ढेकूण आहेत असं समजा. बॅगा बाहेरच ठेवा आणि तेव्हाच गादी बदलून मागा. एकदा ते कपड्यांच्या बॅगेत शिरले की सुट्टीला तुमच्याच घरी येतील. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की गादीतल्या धुळीचे किडेही मरतात. सर्दी-दम्याचा त्रास असेल तर हे टाळू नका.

बी-३०२: बाप रे. आणि आवाजाचं काय? ही पान पडलं तरी जागी होते.

बी-५०१ डॉक्टर: फोमचे इअरप्लग. पण बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट तसंच दाबून ठेवायचं. मग फरक कळतो. डोळ्यांवर पट्टीही द्या, कारण रूममेटची परीक्षा आपल्याच परीक्षेच्या वेळी असेल असं नाही.

सेक्रेटरी: टाकी साफ करायची आहे. दुपारी २ ते ५ पाणी बंद. कृपया नोंद घ्यावी.

ए-२०३: घेतली. वहिनी, यादीत विजेच्या वस्तू काय काय आहेत?

बी-३०२: किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, टेबललॅम्प, छोटा पंखा, दोन एक्स्टेन्शन बोर्ड.

ए-२०३: रॉड खोडा. आत्ताच्या आत्ता. बादलीत रॉड सोडायचा आणि फोन आला म्हणून बाहेर जायचं, हे त्या वयात होणारच. बाकीच्यांसाठी एकच हिशेब लक्षात ठेवा. जी वस्तू काही तापवते ती वीज खाते, बाकीच्या नुसत्या चाखतात. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटच्या आसपास, फोनचा २०, एलईडी दिवा १०, छोटा पंखा ५० धरा. सगळं मिळून दीडशेही होत नाही. किटली एकटी १५०० घेते, इस्त्री १०००.

बोर्डावर अँपिअर आणि व्होल्ट छापलेले असतात. गुणाकार करा. १० अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे २३०० वॅट, ही त्याची कमाल. किटली आणि इस्त्री एकत्र लावली की २५००, म्हणजे मर्यादा ओलांडली. बोर्डात बोर्ड लावायचा नाही, त्याने जागा वाढते पण भिंतीतल्या वायरीची ताकद तेवढीच राहते. वायर लांब पडली तर गुंडाळी करून गादीखाली सारू नका, वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही.

सी-४०४: आणि हॉस्टेलची नियमावली आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी किटली-इस्त्री खोलीत चालतच नाही, सापडली तर जप्त. इस्त्री मजल्यावर सामायिक असते.

बी-३०२: पॉवर बँक? आम्ही विमानाने जातोय.

ए-२०३: हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तास आहे. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४. बिनधास्त न्या. पण विमानाने जाताय तर टेम्पो कुठे चालला होता?

बी-३०२: ते ह्यांना विचारा.

सी-२०२: मी थोडं फर्निचरचं बोलू का? आर्किटेक्ट आहे, राहवत नाही. बहुतेक मुलं पलंग खिडकीशी ओढतात आणि टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलतात. उलट करा. झोपायला उजेड लागत नाही. टेबल खिडकीला काटकोनात लावा, म्हणजे स्क्रीनवर चकाकी येत नाही आणि खिडकी डोळ्यांसमोरही नसते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली वहीवर. लॅम्पच्या खोक्यावर केल्विनचा आकडा बघा, तो उजेडाचा रंग सांगतो. ४००० च्या आसपासचा पांढरा उजेड वाचायला बरा, २७०० चा पिवळसर रात्री. दोन्ही देणारा दिवा मिळाला तर तोच घ्या.

खिडकीचं महत्त्व किती, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसवर सुमारे ४,५०० मुलांसाठी एक अवाढव्य वसतिगृह बांधायचं घाटत होतं. देणगीदार अब्जाधीश चार्ली मंगर, आराखडाही त्यांच्याच कल्पनेतला, आणि ९० टक्क्यांहून जास्त खोल्यांना खिडकीच नाही. त्याऐवजी उजेडाची कृत्रिम खिडकी. २०२१ मध्ये सल्लागार समितीतल्या एका आर्किटेक्टने राजीनामा दिला, जगभर चर्चा झाली, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो नाद सोडला. त्यामुळे खरी खिडकी मिळाली असेल तर तिच्यासमोर कपाट उभं करू नका, एवढीच विनंती.

ए-१०१: नालंदाच्या उत्खननात भिक्षूंच्या खोल्या बघितल्यात मी. लहानशा, भिंतीतच कोनाडे केलेले. कपाट नाही, काही नाही.

सी-२०२: आजोबा, तोच मुद्दा. जमीन संपली की भिंत वापरायची. आता कोनाडा पाडता येणार नाही, खिळा मारू देत नाहीत, म्हणून चिकटणारे हूक. पण ते पडतात ते घाईमुळे. भिंत स्पिरिटने पुसायची, कोरडी होऊ द्यायची, हूक अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि तासभर त्यावर काही टांगायचं नाही. काढताना पट्टी भिंतीला समांतर खाली ओढायची, स्वतःकडे नाही, नाहीतर रंगाचा पोपडा हातात. दमट भिंतीवर मात्र काहीही करा, पडणारच.

बी-५०१ डॉक्टर: दमटपणावरून आठवलं. ओले कपडे बंद खोलीत वाळत घालू नका. कपड्यांतलं सगळं पाणी हवेत, हवेतून गार भिंतीवर, आणि मग कपाटामागे बुरशी. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवी. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे. बाथरूम सामायिक असेल तर पाण्यातल्या चपला वेगळ्या, आणि साबण-शाम्पू न्यायला तळाशी भोकं असलेली टोपली. टॉवेल दोन, कारण एक वाळतच नसतो.

बी-१०४: मी काही वर्षं वॉर्डन होते, तेव्हा माझे दोन शब्द. गादी, दिवा, हूक ठीक आहे. माझ्याकडे खोली बदलून मागायला येणाऱ्या मुली गादीवरून कधीच आल्या नाहीत. त्या आल्या अलार्मवरून. एकीचा पहाटे पाचचा अलार्म, ती सहा वेळा पुढे ढकलणार, आणि दुसरी रात्री दोनला झोपलेली. किंवा "माझा शाम्पू संपतो कसा?" यावरून. किंवा मैत्रिणी रोज येऊन तिच्या पलंगावर बसतात यावरून.

पहिल्या आठवड्यातच बोलून घ्यायचं, भांडण व्हायच्या आधी. आणि विचारायचं ते नेमकं. "तुला आवाजाचा त्रास होतो का?" असं विचारलं की सगळ्याच "छे, अजिबात नाही" म्हणतात. "रात्री अकरानंतर मी फोनवर बोलले तर चालेल की बाहेर जाऊ?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. अलार्म एकदाच, दिवा किती वाजता, पाहुणे कधी, केर कोण काढणार, न विचारता काय वापरलेलं चालेल. लिहून भिंतीवर चिकटवायची गरज नाही, पण मोघम ठेवू नका.

सामायिक वस्तूंचे पैसे अर्धे अर्धे काढू नका. एकीने पंखा पूर्ण घ्यायचा, दुसरीने केराचा डबा, झाडू आणि आरसा. निम्मा पंखा वर्षअखेरीला कुणालाच घरी नेता येत नाही.

सी-४०४: काकू, हे मला पहिल्या वर्षी हवं होतं!

बी-१०४: आणि पहिले काही आठवडे, खोलीत असाल तेव्हा दार उघडं ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीच्या वेस्टगेट या विद्यार्थी वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुणाची मैत्री कुणाशी होते ते पाहिलं होतं. १९५० मध्ये ते प्रसिद्ध झालं. शेजारच्या दाराशी सगळ्यात जास्त, दारं लांब गेली की कमी. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख. स्वभाव जुळणं वगैरे नंतरचं, आधी येता-जाता दिसावं लागतं. जिन्याजवळची खोली मिळाली म्हणून कुरकुर करू नका. आवाजाला इअरप्लग आहेतच.

बी-३०२: हे सगळं तिला कसं समजावू? ऐकत नाही माझं.

बी-३०२ लेक: आई, मी पण या ग्रुपवर आहे. सकाळपासून वाचतेय.

सी-४०४: 😂

बी-३०२ लेक: रूममेटशी माझं परवाच बोलणं झालंय. पंखा ती आणणार, लॅम्प प्रत्येकीचा आपापला. ती पहाटे उठते, मी रात्री जागते, म्हणून खिडकीकडची बाजू तिला. आता टेबल काटकोनात लावायचं तिलाही सांगते. डॉक्टर काकू, औषधांत काय नेऊ?

बी-५०१ डॉक्टर: थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडेज आणि तुझी नेहमीची औषधं चिठ्ठीसकट. अ‍ॅलर्जी कशाची आहे ते रूममेटला सांगून ठेव. तापात ती धावेल, आई नाही पोचणार.

बी-३०२ लेक: आणि कपडे धुवायचं कुणी सांगेल का? आईने कधी मशीनला हात लावू दिला नाही.

सी-४०४: रंगीत पहिल्यांदा वेगळे. मोजे जाळीच्या पिशवीत, नाहीतर एकेकच परत येतो. पावडर कमी घाल, जास्त घातली की कपडे चिकट राहतात. मशीन संपल्या संपल्या काढ, नाहीतर दुसरी कुणीतरी तुझे ओले कपडे मशीनच्या डोक्यावर ठेवून देईल. आणि रविवारी सकाळी जाऊ नकोस. सगळं हॉस्टेल तिथेच असतं. मधल्या वारी रात्री जा.

बी-३०२: इस्त्री खोडली. रॉड खोडला. एक बोर्ड खोडला. पेट्या, पडदे तिथे गेल्यावर. टेप कुणाकडे आहे?

ए-२०३: माझ्याकडे ५ मीटरची आहे. संध्याकाळी पाणी आलं की आणून देतो.