आयसीयूत "बेड नाही" म्हणायचा अधिकार इन्चार्ज सिस्टरला हवा की नको?

रात्रपाळी
सरळ मुद्द्यावर येते. रात्री बेड 12, स्टाफ 4, त्यातली एक नुकतीच जनरल वॉर्डातून आलेली, व्हेंटिलेटर 3 चालू. अशात कॅज्युअल्टीतून फोन, "सिस्टर, एक पेशंट वर पाठवतोय, ॲडजस्ट करा." म्हणजे मला विचारत नाहीत, कळवतात. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स हे नर्सिंग कौन्सिलचे नॉर्म्स सगळ्यांना पाठ आहेत, पाळतंय कोण. माझं म्हणणं असं की हातात स्टाफ नसेल तर नवीन पेशंट घ्यायचा नाही, हे ठरवायचा अधिकार शिफ्ट इन्चार्जला लेखी द्या. नाहीतर नावाला इन्चार्ज आणि काम काय तर इंडेंट भरा, स्टॉक मोजा, नातेवाइकांच्या शिव्या खा. आणि काही झालं की मात्र आम्ही लगेच जबाबदार. 2021 च्या नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयूला आग लागून 11 पेशंट गेले तेव्हा अटक कोणाला झाली? एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन नर्सेस. वायरिंग काय नर्सने केलेलं होतं का?

डॉ. तालुका
नगरबद्दल तुमच्याशी 100 टक्के सहमत. बाकी अजिबात नाही. माझा 6 बेडचा आयसीयू आहे, पुढचा आयसीयू दीड तासावर, तोही रस्ता बरा असेल तर. साप चावलेला पोरगा दारात आला, मान धरत नाहीये, आणि सिस्टर म्हणाली स्टाफ नाही, मग मी काय करू? 1989 च्या परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की इमर्जन्सीला उपचार द्यायचेच. पोरगा ॲम्ब्युलन्समध्ये दगावला तर कोर्टात नाव माझं येणार. दमलेली का होईना एक नर्स असलेला बेड, बेडच नसण्यापेक्षा केव्हाही बरा.

रात्रपाळी
सर, साप चावलेल्याला कोणीच नाही म्हणत नाहीये. त्याला इन्ट्युबेट करा, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाका, अँटीव्हेनम चालू करा, ते तुमचं काम तुम्ही करालच. पण त्यानंतर तुम्ही खाली जाता आणि तो सकाळपर्यंत आमच्याकडे असतो. बीपी धरून ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनालिनची सिरिंज संपत आली की पंप ओरडायला लागतो, दुसरी भरून लावेपर्यंत मधल्या मिनिटात बीपी कोसळतं, आणि त्याच वेळी माझा हात शेजारच्या बेडवर ट्यूबमध्ये सक्शनला आहे, तो सोडून पळू का? तुम्ही म्हणता एक पेशंट वाढला. खरं तर आधीच्या तिघांची नर्स कमी झाली, आणि त्या तिघांच्या नातेवाइकांना हे कोणी सांगत नाही.

ज्युनिअर_रेसिडेंट
सिस्टरांना अधिकार दिला की काय होतं हे अमेरिकेत मिशिगनमध्ये दिसलंय. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाकताना पाच गोष्टींची चेकलिस्ट, हात धुणं, क्लोरहेक्सिडीन, पूर्ण ड्रेप वगैरे, आणि डॉक्टरने पायरी चुकवली तर इमर्जन्सी सोडून नर्सने प्रोसिजर थांबवायची. 103 आयसीयू होते, 2006 ला पेपर आला, लाइनच्या इन्फेक्शनचा मध्यक दर 1000 कॅथेटर-दिवसांमागे 2.7 होता तो 3 महिन्यांत शून्यावर. आमच्याकडे सिस्टर "सर, ग्लव्ह्ज बदला" म्हणाली तरी सर आठवडाभर तोंड फुगवून असतात.

डॉ. तालुका
अहो पण ती थांबवायची पॉवर पाच ठरलेल्या पायऱ्यांपुरती आहे. "पायरी चुकली, थांबा" वेगळं आणि "पेशंट घेऊ नका" वेगळं. पहिलं माझ्याकडे आजपासून लागू करा, मी सही करतो. दुसऱ्याला पुरावा म्हणून हे नका वापरू.

मँचेस्टरची_ताई
मी मूळची सांगलीची, इथे आयसीयूत आहे. इथे शिफ्टच्या इन्चार्ज नर्सकडे शक्यतो स्वतःचा पेशंट देत नाहीत, तिने सगळीकडे बघायचं, ब्रेक सोडवायचे, नवीन मुलीच्या मागे उभं राहायचं. स्टाफ नसेल तर बेड रिकामा दिसत असूनही बंद धरतात. पण व्हेटो वगैरे नाही हो, कन्सल्टंट आणि इन्चार्ज मिळून ठरवतात आणि त्यात भांडणं पण होतात. कोविडमध्ये ते एकास एक गुंडाळूनच ठेवलं होतं. फरक इतकाच की ठरवताना ती खोलीत असते.

निवृत्त_परिसेविका
आमच्या वेळी असले अधिकार मागितले नाहीत, पण मॅट्रन वॉर्डात आल्या की हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, उभे राहायचे. मुंबईत केईएमच्या सिस्टर्सनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच नर्सला, अरुणा शानबागला, 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं आणि 2011 ला सुप्रीम कोर्टानेही तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचाच मानला. मान कामातून मिळतो बाळांनो.

रात्रपाळी
बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही सेवेची गोष्ट सांगूनच आम्हाला गप्प बसवतात. शिवाय तुम्ही परमनंट होता. माझ्या बरोबरच्या निम्म्या मुली काँट्रॅक्टवर आहेत, त्या कोणाला उभं करणार, पुढचं एक्स्टेन्शन कोण देणार याच काळजीत असतात.

डॉ. तालुका
मग मुळातलं बोला, माणसंच नाहीत. मी मुलगी शिकवून तयार करतो, व्हेंटिलेटर हातात बसला की ती गल्फला नाहीतर जर्मनीला.

ब्रदर_आयसीयू
पगार किती देता सर? कोर्टाच्या आदेशावरून 2016 ला खाजगीतल्या नर्सेसच्या पगारावर समिती बसली होती, तिने 50 बेडच्या खालच्या हॉस्पिटललाही महिना किमान 20000 सांगितले होते. जर्मनीला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स सुरू झाला त्याच सुमारास, दोन वर्षं रेसिडेन्सी करून यायचं आणि परत ड्यूटी लिस्टमध्ये स्टाफ नर्सच, तर कशाला कोणी करेल?

डॉ. तालुका
20 हजारांपेक्षा जास्त देतो, पण ट्रेन झालेल्यांनाच. सरकारी योजनेतल्या पेशंटचे पैसे कधी येतात ते एकदा येऊन बघा आणि मग बोला. बरं, व्हेटो नाही देणार, पण दोन सह्या करू. स्टाफ नॉर्मपेक्षा कमी असताना पेशंट घेतला तर रजिस्टरमध्ये इन्चार्जने लिहायचं, माझी सही त्याखाली. उद्या काही झालं तर एकटी सिस्टर अडकणार नाही.

रात्रपाळी
हे चालेल. फक्त सही पेशंट वर यायच्या आधी, सकाळच्या राउंडला नाही.

डॉ. तालुका
रात्री अडीचला मी घरी असतो. व्हॉट्सॲपवर "ओके" पाठवलं तर?

रात्रपाळी
पाठवा. मी स्क्रीनशॉट काढून ठेवीन, राग मानू नका.