ऊसतोड मजुरांच्या पोरांची लस: कारखान्यावर सक्ती करायची का?

कृष्णाकाठ (वाळवा)
दिवाळी झाली की आमच्या वाळवा तालुक्यात पालं पडतात. बीड-परभणीकडनं टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत इथंच राहतात. सोबत तान्ही पोरं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. बरोबर याच काळात आई-बाप फडात असतात. गावाकडच्या यादीत पोराचं नाव आहे पण पोर तिथं नाही, इथं पोर आहे पण यादीत नाव नाही.
माझं मत सरळ आहे. तोडणीचा करार करतानाच कारखान्यानं पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं लसीचं कार्ड बघावं. डोस राहिला असेल तर तो देईपर्यंत टोळीचं बिल काढू नये. गोवराचा रोगी उठून गेला तरी विषाणू त्या जागेत दोन तासांपर्यंत तग धरतो. साथ रोखायची तर शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. नुसत्या विनंतीवर तिथवर पोचता येत नाही.

धारूरचा
बिल अडवायचं म्हणजे नेमकं कुणाचं? माझे आई-वडील कोयत्यावर होते. पहाटे अंधारात फडात जायचं. एक खाडा पडला तरी दंड. सकाळी दहाला सिस्टर पालावर येतात तेव्हा तिथं कोण असतं? सात वर्षांची थोरली बहीण, कडेवर बाळ. ती काय सांगणार कुठला डोस झाला आणि कुठला राहिला! कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली आईच्या कमरेला. तुम्ही बिल अडवलंत तर मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, सरळ लिहून देईल, "टोळीत लहान मुलं नाहीत." मग होती ती पोरंही कागदावरनं गायब होतील.

तासगावकर७
गोवर आमच्या पिढीत घरोघरी निघायचा. कडुलिंबाचा पाला अंथरायचा, आठवड्यात पोरगं खेळायला लागायचं. आता लस घेतलेल्या पोरांनाही निघतोच की. वर ताप येतो, त्या बाईनं काम सोडून घरी बसायचं का?

उपकेंद्र_सिस्टर
दादा, खेळायला लागली ती तुम्हाला आठवतात. न्यूमोनियानं, मेंदूच्या सुजेनं गेलेली पोरंही त्याच घरांतली होती. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला साथ आली, त्यात लहान मुलं दगावली. गोवर शरीरानं आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, म्हणून नंतर काही महिने पोर सारखं आजारी पडतं. नवव्या महिन्याच्या एका डोसनं शंभरातली साधारण ८५ मुलं सुरक्षित होतात, दुसरा त्यासाठीच असतो. ताप आलाच तर साधारण आठवड्यानं, तोही थोड्या मुलांना.
आता आमची अडचण. ही लस पावडर असते. पाण्यात मिसळली की व्हायलवर (लसीच्या बाटलीवर) वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली टाकून द्यायची. एका बाळासाठीही व्हायल फोडायलाच हवी, पण वाया गेलेल्या डोसचा जाब विचारतील म्हणून कुणी कुणी "पुढच्या आठवड्यात या" म्हणतं. पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते. कुठली टोळी कुठल्या फडात, हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला, रोज माहीत असतं. ती यादी आम्हाला द्या. बिल अडवायला माझाही विरोध आहे.

कराडची_आई
पोलिओला कुठं सक्ती होती? १९९५ पासून पल्स पोलिओ, एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर जाऊन डोस पाजले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. लोकांच्या दारात गेलं की लोक ऐकतात.

कृष्णाकाठ (वाळवा)
ताई, पोलिओचे दोन थेंब स्वयंसेवकही पाजू शकत होता. ही सुई आहे, प्रशिक्षित सिस्टरच लागते आणि त्या किती दारं गाठणार? आमच्याच गावातल्या आठ महिन्यांच्या बाळाला अजून लस देता येत नाही, त्याचा बचाव आजूबाजूच्या पोरांवर आहे. त्या बाळासाठी मी सक्ती सोडणार नाही. धारूरच्या भावाचं पटलं, मजुराचं बिल नको. मुकादमाचं कमिशन अडवा.

धारूरचा
मुकादम ते मजुराच्या पुढच्या उचलीतनं, म्हणजे आगाऊ पैशातनं, कापून घेईल. भार पुन्हा आमच्यावरच.

उपकेंद्र_सिस्टर
मग वरनं धरा. गाळपाचा परवाना साखर आयुक्त देतात. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, थकली असेल तर तो अडवतात. टोळीवार मुलांची यादी उपकेंद्राला दिली का, हेही तिथंच विचारावं. आणि फडात चार वाजता सुट्टी होत असेल तर सत्र संध्याकाळी पालावर लावायची परवानगी आम्हाला द्यावी.

धारूरचा
संध्याकाळी पालावर याल, तर कार्ड काढून ठेवायला मी टोळ्यांना फोन करतो. परवान्याचं मात्र मला अजून पटत नाही. यादी खरी आहे हे तपासणार कोण?