जहाजाच्या बाल्कनीत पडणारी इंजिनाची काजळी: काय करावे?

टिळकवाडीची सून

नमस्कार मंडळी,

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून जानेवारीत आम्ही सहा जण गोव्याहून विमानाने दुबईला गेलो आणि तेथून सात रात्रींच्या जहाजप्रवासाला निघालो. बाल्कनीच्या खोलीचा हट्ट माझा होता. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना डेकवर फार फिरवत नाही, म्हणून खोलीत बसूनच त्यांना समुद्र दिसावा एवढीच माझी इच्छा होती. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या मोठ्या असतात आणि तेथून पाण्यावर उमटत जाणारा फेसाळ पट्टा दिसतो असे वाचले होते, म्हणून थोडे जास्त पैसे भरून मी त्याच खोल्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर गेल्या आणि सवयीप्रमाणे पदराने खुर्ची झटकून बसल्या. उजाडल्यावर पाहिले तर खुर्च्या, टेबल, कठडा, फरशी, सगळीकडे काळे ठिपके होते. काही मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. सासूबाईंच्या इरकलच्या पदरावर आणि मागच्या बाजूला काळे पट्टे उमटले होते. मी घाईने ओल्या टॉवेलने पुसायला गेले तर डाग निघण्याऐवजी पसरले, आणि मुलांच्या अनवाणी पायांनी तीच काजळी खोलीतल्या गालिच्यावर आली. कर्मचारी येऊन सर्व स्वच्छ करून गेला, पण सातपैकी तीन रात्री हाच प्रकार झाला. सासऱ्यांना दमा आहे. त्या तीन दिवसांत त्यांना इतका खोकला आला की शेवटी आम्ही बाल्कनीचे दार बंदच ठेवले.

आता नणंद मे महिन्यात बार्सिलोनाहून निघणाऱ्या भूमध्य समुद्रातल्या प्रवासाचे ठरवते आहे आणि सासरे उत्साहात आहेत. त्यांचा उत्साह मोडायचा नाही, पण तीच चूक पुन्हा करायची नाही. ही काजळी नेमकी येते कशामुळे, खोली कोणती घ्यावी आणि काजळी पडलीच तर ती काढावी कशी, हे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील. साडी अजून तशीच घडी करून ठेवली आहे.

निपाणीचा जहाजी

ताई, मी अठ्ठावीस वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यांतली शेवटची काही वर्षे प्रवासी जहाजावर. तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण कारण समजले की खोलीची निवड आपोआप सोपी होते.

आजच्या बहुतेक क्रूझ जहाजांवर चार ते सहा मोठी डिझेल इंजिने वीज तयार करतात आणि त्या विजेवर जहाज पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत सर्व काही चालते. या इंजिनांत जाळले जाणारे जड तेल इतके घट्ट असते की इंजिनात सोडण्यापूर्वी ते शंभर अंशांहून अधिक तापवून पातळ करावे लागते. इंजिन पूर्ण भारावर असताना ते बऱ्यापैकी नीट जळते; परंतु थंड इंजिन सुरू करताना, किंवा बंदराजवळ कमी भारावर चालवताना, ज्वलन अपुरे राहते आणि न जळलेला कार्बन धुराबरोबर बाहेर पडतो.

तुमच्या पहाटेच्या ठिपक्यांचे कारण मात्र बहुधा वेगळे आहे. इंजिनाचा तापलेला धूर थेट धुराड्यातून न सोडता आधी नळ्यांच्या एका संचातून नेतात आणि त्याच्या उष्णतेवर वाफ तयार करतात. लाँड्री, गरम पाणी आणि तेल तापवणे या कामांना ती वाफ लागते. या संचाला इकॉनोमायझर म्हणतात. त्याच्या नळ्यांवर काजळीचा थर साचतो. तो वेळेवर काढला नाही तर वाफ कमी मिळते, आणि त्याहून गंभीर म्हणजे साचलेली काजळी पेट घेऊ शकते. धुराड्यात लागलेल्या अशा आगीत लोखंडी नळ्यासुद्धा वितळल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात सर्वांना शिकवली जातात. म्हणून वाफेच्या किंवा दाबाच्या हवेच्या झोताने नळ्या नियमित झाडतात. याला सूट ब्लोइंग म्हणतात. झाडलेली सर्व काजळी अर्थातच धुराड्यातूनच बाहेर पडते. हे काम खुल्या समुद्रात, शक्यतो प्रवासी झोपलेले असताना करतात आणि त्याआधी इंजिन कंट्रोल रूमने ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षात, फोन करून परवानगी घ्यायची असते, कारण वारा कोणत्या बाजूने आहे हे ब्रिजला ठाऊक असते. काजळी डेकवर न पडता बाजूला समुद्रात जाईल असा वारा असेल तरच होकार द्यावा, ही चांगल्या जहाजाची रीत. जेथे ही विचारपूस नावापुरती होते तेथे त्याचा त्रास तुमच्यासारख्यांना होतो, आणि हे मी आमच्याच बिरादरीबद्दल खेदाने लिहितो आहे.

वाऱ्याचे गणित असे. जहाज १८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाने चालले आहे आणि वाराही त्याच वेगाने पाठीमागून येतो आहे असे समजा. जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा वारा जवळजवळ जाणवतच नाही. अशा वेळी धूर मागे न पडता जहाजाबरोबरच चालत राहतो आणि त्यातले जड कण खाली उतरतात. उलट समोरून वारा असेल तर धूर मागे जातो, पण जहाजाची मागची भिंत उंच आणि सरळ असल्यामुळे तिच्या आडोशाला हवेचे भोवरे तयार होतात आणि ते धूर खाली ओढून घेतात. धुराडे बहुतेक जहाजांवर मागच्या अर्ध्या भागातच असते. म्हणजे तुम्ही जास्त पैसे भरून जी जागा घेतलीत, तिला दोन्ही प्रकारच्या वाऱ्यांत काजळीचा धोका सर्वांत अधिक असतो. यात तुमचा काहीही दोष नाही. तिकीट विकणारे हे सांगत नाहीत.

पुढच्या वेळी जहाजाचा आराखडा उघडून आधी धुराडे कोठे आहे ते पाहा आणि त्याच्या बऱ्याच पुढे, मधल्या मजल्यावरची खोली घ्या. मधल्या भागात जहाज डुलतेही कमी, त्यामुळे सासूबाईंना तेच सोयीचे पडेल.

भूमध्य समुद्राबद्दल एक आश्वासक गोष्ट आहे. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या तेलातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आणली गेली आणि भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून ती ०.१० टक्के आहे. गंधक कमी असेल तर काजळीवर बसणारे आम्ल कमी होते आणि असे तेल सहसा हलके, स्वच्छ जळणारे असते. मात्र स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारे यंत्र, बसवलेल्या जहाजांना जुने जड तेल वापरण्याची मुभा आहे. स्क्रबर गंधकाचे वायू उत्तम पकडतो, काजळी काही प्रमाणातच पकडतो. नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर चालणाऱ्या जहाजांत काजळी नगण्य असते. आयडानोव्हा हे २०१८ सालचे जहाज या प्रकारचे पहिले क्रूझ जहाज, आणि त्यानंतर अशी बरीच आली आहेत. त्यांतून न जळलेला मिथेन हवेत निसटतो हा त्यांच्यावरचा आक्षेप खरा आहे, पण तुमच्या सासऱ्यांच्या छातीच्या दृष्टीने मी तसेच जहाज निवडेन.

उद्यमबाग फौंड्री

निपाणीच्या काकांनी कारण सांगितले, मी स्वच्छतेबद्दल लिहितो. आमच्या घरी दोन पिढ्या फौंड्रीचे काम आहे आणि काळ्या कपड्यांशिवाय आमच्या आईने कधी दोरी पाहिली नाही.

आपल्या बेळगाव भागातल्या लोकांची एक गल्लत होते आणि ताई, तुमचीही तीच झाली असावी. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून चिपाडाची काळी राख गच्चीवरच्या वाळवणावर पडते. ती हलकी, कोरडी, पापुद्र्यासारखी असते आणि झटकली किंवा पाण्याने धुतली की निघते. आपल्या हाताला तीच सवय असते. तेलाची काजळी तशी नसते. तिच्यात न जळलेल्या तेलाचा अंश आणि गंधकामुळे आलेले आम्ल असते, म्हणून ती चिकटते, आणि नुसत्या पाण्याने तर ती आणखी पसरते. ओळखायचे असेल तर एक कण पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने हलके ओढा. कोरडी राख भुकटी होऊन झटकली जाते. तेलाची काजळी काजळासारखी लांब रेघ ओढते.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. प्रथम मोठे कण कोरडेच उचलायचे: कागदी रुमाल वरून टेकवून उचलायचा, घासायचा नाही. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण घालून कापडाने एकाच दिशेने पुसायचे आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी वापरायची. शेवटी स्वच्छ पाणी. रंग दिलेल्या कठड्यावर आणि गाडीच्या पत्र्यावरही हे कण दिवसेंदिवस तसेच राहिले तर आम्लामुळे रंगावर खड्डे पडतात, म्हणून उशीर करू नये. गालिच्यावर आलेले ठसे मात्र स्वतः पुसू नका. व्हॅक्यूम क्लीनर मागवा आणि तोपर्यंत त्यावर कोणाला चालू देऊ नका.

खानापूरचा रूम अटेंडंट

मी नऊ वर्षे क्रूझ जहाजांवर खोल्या सांभाळल्या. आमच्या बाजूची कितीतरी मुले आज या कामावर आहेत, म्हणून कामगाराच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

खोली आवरणाऱ्या मुलाच्या वाट्याला वीसच्या आसपास खोल्या असतात. काजळी पडलेली रात्र म्हणजे त्याच्यासाठी सकाळी दीड तास जास्त काम, आणि तो वेळ कोणी मोजत नाही. बाल्कनीची पूर्ण धुलाई बहुधा वेगळी माणसे पाण्याच्या पाइपने करतात. त्यासाठी वरच्या खोल्यांपासून खाली येत जावे लागते आणि बंदरात उभे असताना बाहेरून पाणी सोडण्यावर पुष्कळ ठिकाणी निर्बंध असतात. म्हणून तुमच्या खोलीचा मुलगा ‘उद्या होईल’ म्हणाला असेल तर तो टाळत नव्हता.

तक्रार जरूर करावी, पण ती गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर, फोटो दाखवून, तारीख आणि वेळ सांगून करावी आणि ‘ही खोलीच्या स्वच्छतेची नव्हे, धुराड्याच्या काजळीची तक्रार आहे, ब्रिजला कळवा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. प्रवासाच्या शेवटी भरायच्या प्रश्नावलीत ‘खोली अस्वच्छ होती’ एवढेच लिहिले तर गुण त्या मुलाचे कमी होतात आणि ज्याने वारा न पाहता होकार दिला त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. दुसऱ्याच दिवशी तक्रार नोंदवली तर खोली रिकामी असल्यास बदलूनही मिळते. पाचव्या दिवशी सांगितले तर कोणी ऐकत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी बाल्कनीतल्या गाद्या आत घ्या, ओले कपडे कठड्यावर वाळत टाकू नका, दार पूर्ण लावून घ्या. दाराशी एक जुना टॉवेल अंथरून बाहेरच्या चपला बाहेरच ठेवाव्यात. सकाळी बसण्यापूर्वी कागदी रुमाल खुर्चीवर टेकवून पाहा. काळा झाला तर आधी साफसफाई, मग चहा.

टिळकवाडीची सून

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नावलीत मी खरोखरच ‘बाल्कनी अस्वच्छ’ असे लिहिले होते, हे वाचून वाईट वाटले. तो मुलगा फार नम्र होता. आज कंपनीला पत्र लिहून ते दुरुस्त करते.

खोली धुराड्यापासून पुढे घेण्याचे ठरले. सासऱ्यांच्या दम्याबद्दल आणि साडीबद्दल कोणी सांगू शकेल का?

निपाणीचा जहाजी

दम्याबद्दल औषधाचा सल्ला त्यांच्या डॉक्टरांचाच घ्या. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले आहे. तेव्हा नाकाला धुराचा वास आला की आत जावे, यात भित्रेपणा नाही. जहाज बंदरातून निघताना आणि बंदरात शिरताना इंजिने चालू-बंद होत असतात. तो अर्धा-पाऊण तास आजोबांना धुराड्याच्या पुढच्या, वाऱ्याकडच्या डेकवर बसवावे. श्वासातून घ्यायचे औषध मोठ्या बॅगेत न ठेवता खिशात असावे.

वडगावचा विणकर

ताई, साडी अजून धुतली नाहीत हे फार चांगले केलेत. तिच्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तेल धाग्यात बसते आणि डाग कायमचा होतो.

इरकल साडीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. साडी एकदम भिजवली तर पदराचा लाल रंग अंगावर उतरण्याची भीती असते, म्हणून दोन्ही भागांचा विचार वेगळा करावा लागतो. साडी दोरीवर उलटी टाकून मागून हलके झटका. नंतर डागाखाली पांढरे सुती कापड ठेवून वर मक्याचे पीठ किंवा साधी टाल्कम पावडर पसरा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी मऊ ब्रशने काढा; पीठ काळपट झालेले दिसेल. असे दोन-तीन वेळा करा. अंगाचा भाग सुती असेल तर उरलेल्या डागावर मागील बाजूने भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब गार पाण्यातून लावता येईल, मात्र आधी निऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यावर रंग उतरतो का ते पाहा. पदर रेशमी असेल तर त्याला घरी पाणी लावू नका. ड्रायक्लीनिंगला देताना ‘काळा डाग’ एवढेच न सांगता ‘इंजिनाच्या तेलाची काजळी आहे’ असे सांगा, म्हणजे तो पाण्याऐवजी योग्य द्रावणाने सुरुवात करील.

त्यानंतरही पदरावर सावली राहिली तर साडी खासबागेत किंवा वडगावात घेऊन या. अंग चांगले असेल तर त्याला दुसरा पदर जोडून देणारी माणसे आमच्या गल्लीत अजून आहेत.