भित्तिपत्रक, भीतिपत्रक आणि भेसूर

कुडाळहून: भाच्यानं मित्रांबरोबर गिऱ्ह्यावर, म्हणजे पाण्यातल्या भुतावर, बारा मिनिटांची फिल्म केलीय. पोस्टरच्या तळाला छापलंय, 'भीतिपत्रक रचना'. मी हसलो तर म्हणतो, "मामा, भुताचं आहे, भीतीच घालणार ना!" चूक आहे हे कळतं, नीट सांगता येत नाही. शिवाय त्यावरचा चेहरा भेसूर की भयाण, यावरून घरात जुंपलीय.

रत्नागिरीहून: मूळ शब्द भित्ति, म्हणजे भिंत. भि ऱ्हस्व, पुढे जोड त. भिंतीवर लावायचं ते भित्तिपत्रक, भीतीशी संबंध नाही. अर्थात बोलताना सगळे पोस्टरच म्हणतात. भाच्याची चूक मला मात्र आवडली.

मालवणहून: भेसूर आणि भयाण यांची अदलाबदल नको. भेसूर आधी कानाला लागतो: कुत्रं भेसूर रडतं. मग चेहऱ्याला. चेहरा माणसाचाच, पण काहीतरी बिघडलेलं, तो भेसूर. भयाण असते ती जागा किंवा वेळ: भयाण माळ, भयाण रात्र. अक्राळविक्राळ हा आकाराचा शब्द. भयंकर तर कामातून गेला, आपण 'भयंकर गोड आंबा' म्हणतो.

पोस्टरं काढणारेही याच वाटांनी जातात. 1975 चा शार्क माशाचा सिनेमा 'जॉज' घ्या. वर पोहणारी इवलीशी बाई, खालून सरळ वर येणारा जबडा. हे अक्राळविक्राळ. (आम्ही मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण खाणारे, तरी ते चित्र बघून पाय पाण्यात घालवत नाही.) 1973 च्या 'एक्झॉर्सिस्ट'वर भूत कुठेच नाही. घर, खिडकीतून येणारा उजेड, खाली बॅग घेतलेला एक माणूस. हे भयाण.

भेसूर बघायचं तर मासिकं बघा. अमेरिकेत 1958 साली 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' निघालं. बेसिल गोगोस यांनी त्याच्यासाठी रंगवलेली कव्हरं म्हणजे बहुतेक वेळा एकच चेहरा, त्यावर एकीकडून हिरवा, दुसरीकडून तांबडा उजेड. मुखपृष्ठ हा शब्द तिथे अक्षरशः खरा. भिंतीवरचं पोस्टर रस्त्यापलीकडून दिसायला हवं, म्हणून तिथे लहानमोठ्याचा खेळ चालतो. मासिक हातात, वीतभरावर असतं. चेहरा भेसूर वाटायला एवढं जवळ यावं लागतं.

देवगडहून: मग शिमग्यातला संकासुर कशात बसवायचा? काळा पोशाख, उंच टोपी. पोरं किंचाळत पळतात आणि परत त्याच्याच मागे जातात.

मालवणहून: कशातच नाही. संकासुर भेडसावतो. भेडसावण्यात थोडा खेळ असतो, भेसूर चेहऱ्यामागे कोणी धावत नाही. कुडाळकर, पोस्टरवर नक्की काय आहे ते तरी सांगा.

कुडाळहून: गिऱ्ह्याचा चेहरा, मागे तांबडा रंग, आणि नावाच्या अक्षरांतून रक्त ओघळतंय.

मालवणहून: गिरो पाण्यातलो, रक्त कित्याक? आणि कोणी बघूक नाय त्याचो चेरो खंयसून काढलास? रात्रीची खाडी आणि रिकामी होडी ठेवा. अक्षरांतून काही ओघळायलाच हवं असेल तर पाणी ओघळू दे.

कुडाळहून: भाच्याला वाचून दाखवलं. चेहरा काढला, रक्तही गेलं. 'भीतिपत्रक' मात्र तसंच ठेवणार म्हणतो.