ये शिएनच्या राजाचे काय?

सिंड्रेलालाच रेशमी पोशाख चढवून तरुण वाचकांसाठीच्या चिनी अद्भुतरम्य प्रेमकथा रचल्या जातात, असे मत मांडले जाते. मला ते पटत नाही. फ्रेंच लेखक पेरोची सिंड्रेला १६९७ सालची. ये शिएन या चिनी मुलीची तशीच कथा मात्र तांग राजवटीतील लेखक दुआन चेंगशी याने ९व्या शतकातच, दक्षिणेकडून आलेल्या आपल्या जुन्या नोकराकडून ऐकून ‘योयांग झाझू’ या संग्रहात नोंदवली होती. तिच्यात परी नाहीच. ये शिएनने वाढवलेला सोनेरी डोळ्यांचा मासा आहे, आणि सावत्र आई मुलीचेच कपडे अंगावर चढवून, बाहीत सुरी लपवून तळ्याकाठी जाते, तेव्हा तो फसून वर येतो आणि मारला जातो. त्याच्या लपवलेल्या हाडांकडे मागावे ते मिळते. सोन्याचे जोडेही तिथूनच येतात.

या नव्या प्रेमकथांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. मूळ कथा ये शिएनच्या राजाशी होणाऱ्या लग्नापाशी थांबत नाही. तिचा हरवलेला बूट हाती आल्यावर तो कोणाचा हे कळावे म्हणून लोकांचा छळ करणारा हा राजा, पुढे त्याच हाडांकडे इतकी रत्ने मागतो की वर्षभराने ती काही देईनाशी होतात. नायक राजबिंडा आणि निर्दोष हवा म्हणून हा हावरटपणा गाळला, तर कथेतला सर्वांत चिनी नव्हे, पण सर्वांत धारदार भाग नक्कीच जातो.