ओबामांची आठ वर्षं : तुम्ही कुठे होतात, काय ऐकलंत?

गेल्या रविवारी आमच्याकडे जेवताना ओबामांचा विषय निघाला आणि दोन जुने मित्र एकमेकांशी न बोलता निघून गेले. एकाचं म्हणणं, त्यांना झालेला विरोध हा रंगाचाच विरोध. दुसरा म्हणे, माझा विरोध टॅक्सला होता, मला वर्णद्वेष्टा का ठरवता? बासुंदी तशीच राहिली. म्हणून हा धागा. मतं सगळ्यांकडे ढिगानं आहेत, ती नकोत. प्रसंग लिहा. आपण स्वतः काय बोललो तेही लिहिलंत तर फारच बरं.

वॉशिंग्टनजवळून

२० जानेवारी २००९, ओबामांचा शपथविधी. आई सहा महिन्यांसाठी आली होती, म्हणाली मीही येणार. साडीच्या आत दोन थर्मल, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट. तिकिटं नव्हती, नॅशनल मॉलवर पार मागे उभे राहिलो. (जांभळी तिकिटं असूनही कित्येक जण वाटेतल्या बोगद्यातच अडकून पडले, त्यापेक्षा आम्ही बरे.) शेजारी एक काळ्या आजी होत्या, छातीशी नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो धरून. आईला इंग्रजी जेमतेम. दोघी एकमेकींचे हात चोळत चार तास उभ्या.

शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स शब्दांचा क्रम चुकले, ओबामा अडखळले. आई लगेच म्हणाली, "भटजी चुकले. परत म्हणायला हवं." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये खरोखरच शपथ पुन्हा झाली! आईचा रुबाब आठवडाभर बघण्यासारखा होता. पण फोनवर मामाला सगळं सांगताना त्या आजींचा उल्लेख तिने "ती काळी बाई" असाच केला. मग जराशी थांबली. "नाव विचारायचं राहिलंच की गं."

डॅलस

त्या जेवणातला दुसरा मित्र मी नव्हे, पण असू शकलो असतो. २००८ ला मॅकेन, २०१२ ला रॉम्नी, म्हणजे दोन्ही वेळा ओबामांविरुद्धचा रिपब्लिकन उमेदवार, हे माझं मत. ओबामाकेअरमध्ये, म्हणजे त्यांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात, पन्नास कामगारांपासून मालकाने विमा देणं सक्तीचं, नाहीतर दंड. मी माझ्या धंद्यात सत्तेचाळिसावर थांबलो. माझा विरोध त्या आकडेमोडीतून आलेला, आजही आहे.

सप्टेंबर २००९ मध्ये ते संसदेत बोलत असताना रिपब्लिकन खासदार जो विल्सन "खोटं बोलतोस" असं ओरडले, तेव्हा मी टीव्हीसमोर हसलो. बायको हसली नाही. म्हणाली, "बुशना कोणी असं बोललं होतं का?" २००५ मध्ये डेमोक्रॅट्सनी बुशच्या भाषणात हुर्यो केली होती हे मला नंतर आठवलं. पण हुर्यो वेगळी, हे कळण्याइतकी अक्कल आहे मला.

मग ते जन्मदाखल्याचं निघालं, ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत अशी आवई. ओबामांचा जन्म १९६१ चा, माझाही. माझा सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात, घरी, सुईणीच्या हातचा. ग्रीन कार्डासाठी दाखला आणणार कुठून? भावाने ग्रामपंचायतीतून 'नोंद आढळून येत नाही' असा कागद मिळवला. आई आणि मावशीने प्रतिज्ञापत्रं केली. मावशीचा अंगठा शाईत जरा जास्तच बुडाला, खालचा मजकूर गेला, सगळं पुन्हा करावं लागलं. त्या कागदांवर मी अमेरिकन झालो.

एप्रिल २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षाने होनोलुलूचा सविस्तर दाखला जगापुढे ठेवला आणि माझे गोल्फचे सोबती म्हणाले, बनावट आहे. मी म्हटलं, माझ्याकडे तर तेवढाही नाही. "तुझी गोष्ट वेगळी रे." कशी वेगळी, ते मी आजवर विचारलेलं नाही. मत अजून तिकडेच देतो.

गिरगाव

विषयांतर होईल, पण लिहितोच. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मुंबईत आले तेव्हा मणिभवनाजवळच्या झाडांचे नारळ उतरवले होते, पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. तिकडे अमेरिकेत रिपब्लिकन खासदार मिशेल बाकमन टीव्हीवर सांगत होत्या की या दौऱ्याचा खर्च रोज वीस कोटी डॉलर! या बातमीचं मूळ काय, तर महाराष्ट्र सरकारमधला एक बिननावाचा अधिकारी. व्हाइट हाउसने आकडा झटकून टाकला. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत ओबामांच्या पक्षाने ६३ जागा घालवल्या होत्या, आणि गडी इथे कुलाब्याच्या शाळेत पोरांबरोबर कोळीनृत्यावर पाय हलवत होता. अमेरिकेतल्या अफवेला आपल्याकडून खतपाणी गेलं याचा मला थोडा अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू.

कॅलिफोर्निया

जय भीम.

४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सात-आठ मराठी कुटुंबं एकाच घरी जमलो होतो. पडद्यावर शिकागोचं ग्रँट पार्क, टाळ्या, पेढे. अर्ध्या तासाने यजमान म्हणाले, "हुशार आहे हो, पण हार्वर्डला कोट्यातूनच शिरला असणार." कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्याकडच्यासारखंच." माझ्या आडनावावरून काही कळत नाही. पेढा हातातच राहिला.

माझे वडील वरळीच्या बीडीडी चाळीतले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा विशीत होते. ते नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरून आलं, हे त्यांनी मला मी शाळेत असतानाच सांगितलं होतं. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये हार्लेमला लागून असलेल्या कोलंबियात शिकले, १९४६ मध्ये त्यांनी काळे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं, हे सगळं त्या खोलीत बोलता आलं असतं. मी आमटी छान झालीय म्हणालो.

पुढची आठ वर्षं मी एकच गोष्ट बघत होतो, हा माणूस चिडत नाही. जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे काळे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना त्यांच्याच घरी अटक झाली. पोलीस मूर्खासारखे वागले, एवढं एक वाक्य ओबामा बोलले, तर असा गहजब झाला की शेवटी प्राध्यापक आणि पोलीस दोघांना बोलावून बिअर पाजावी लागली. एका वाक्याची किंमत! मीटिंगमध्ये माझा आवाज चढायला लागला की मी पाणी पितो. लोकांना वाटतं, फार शांत स्वभाव आहे.

(वरच्याला)

त्या घरात मीही होते असं वाटतंय. तिथे नसले तरी तसल्याच एका घरात होते, आणि गप्प होते.

अटलांटा, जॉर्जिया

माझा नवरा काळा. पुण्यात आईने शेजाऱ्यांना "साउथ इंडियनच वाटतो" असं सांगून ठेवलं होतं.

२०१० चा जनगणनेचा फॉर्म मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरला. मुलगा सहा वर्षांचा. त्याच्यापुढे दोन चौकटींत खुणा केल्या, 'ब्लॅक' आणि 'एशियन इंडियन'. तेवढ्यात बातमी आली, ओबामांनी आई गोरी असून एकाच चौकटीत खूण केली. मला त्या आईच्या वतीने राग आला. जाकार्तात पहाटे चारला उठवून तिने पोराचा अभ्यास घेतला, आणि फॉर्मवर तिची नावनिशाणी नाही! नवरा भांडी पुसत म्हणाला, "रात्री गाडी थांबवणारा पोलीस फॉर्म वाचत नाही."

२०१२ मध्ये सतरा वर्षांचा काळा मुलगा ट्रेव्हॉन मार्टिन मारला गेला, अंगात टोपीवालं जॅकेट होतं. ओबामा म्हणाले, मला मुलगा असता तर तो ट्रेव्हॉनसारखा दिसला असता. यालाही रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांनी लाजिरवाणं ठरवलं. त्या रात्री मी मुलाच्या कपाटातून टोपीवाली तीन जॅकेटं बाहेर काढली. "आई, थंडी वाजेल ना." दोन परत ठेवली.

२०२० चा फॉर्म त्याने स्वतः ऑनलाइन भरला. दोन्ही चौकटी. मग आतून ओरडला, "बाबा, ब्लॅकच्या खाली मूळ कुठलं ते विचारतायत. काय लिहू?"

नवऱ्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. "जॉर्जिया लिही."